पासवर्डराव आणि रिकामी डबी

"चहा निवायच्या आत करून दाखवतो!" असं पासवर्डराव भर मीटिंगमध्ये म्हणाले, आणि त्यांच्या आयुष्याचं वाटोळं खरं तर तिथेच झालं. पुढे जे झालं ती नुसती अंमलबजावणी.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे ते पासवर्डरावच. दातांच्या सहा दवाखान्यांची ती कंपनी. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं तेच बघत, आणि पासवर्ड विसरल्याशिवाय कोणाला त्यांची आठवण येत नसे. ठणका लागल्याशिवाय दाढ आठवत नाही, तसंच.

या सहाही दवाखान्यांत टेबलावर कॉम्प्युटर म्हणून जे दिसे, ते नुसतं सोंग होतं. एक पडदा, एक कीबोर्ड आणि एक छोटं डबडं. खरं यंत्र मुख्य शाखेच्या तळघरात. स्टेशनसमोरच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट असो की टाकीजवळच्या डॉक्टरबाई, प्रत्येकाचा डेस्कटॉप त्या एकाच यंत्राच्या पोटात राहायचा आणि तारेवरून पडद्यावर यायचा. कोणी कुठे बसून कोणता डेस्कटॉप उघडायचा, याची परवानगी पासवर्डराव देत. त्यांनी 'हो' म्हटलं की पडदा उजळायचा. 'नाही' म्हटलं की निळा रंग आणि एक सूचना.

ती सूचना मुळात इंग्रजीत होती. एका रिकाम्या दुपारी पासवर्डरावांनीच तिचं मराठी केलं होतं, 'आपल्यासाठी येथे कोणतीही जागा शिल्लक नाही. कृपया व्यवस्थापकांशी संपर्क साधावा.' व्यवस्थापक म्हणजे ते स्वतः, हे त्यांना माहीत होतं. फक्त त्यांनाच.

तर मीटिंग. कंपनीच्या मॅनेजरबाईंनी एक भानगड शोधून काढली होती. नोकरी सोडून गेलेल्या एका दंतवैद्याने रस्त्यापलीकडेच स्वतःचा दवाखाना थाटला होता, आणि तो घरबसल्या आपला जुना डेस्कटॉप उघडून इथल्या पेशंटांच्या वेळा बघत होता!

"गेलेल्या माणसांच्या परवानग्या अजून चालू कशा?" मॅनेजरबाईंनी विचारलं. "हे काम आता बाहेरच्या कंपनीला देऊ या."

खुर्चीत मागे रेललेले मोठे डॉक्टर, म्हणजे मालक, मान डोलावणार एवढ्यात पासवर्डराव उठले. बाहेरची कंपनी आली की आपलं टेबल गेलं, हे कळायला त्यांना काही कॉम्प्युटर लागत नव्हता.

"बाहेरची माणसं? एवढ्याशासाठी? मॅडम, एकेका नावावर माउसने टिचक्या मारत बसलं तर आठवडा जाईल, कबूल. पण मी काळ्या खिडकीत काम करतो. एक ओळ लिहायची, एन्टर मारायचं, संपलं! चहा निवायच्या आत करून दाखवतो!"

"बघू," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि शिपायाला खरंच चहा सांगितला.

आता काळी खिडकी म्हणजे काय, ते सांगायला हवं. साध्या कॉम्प्युटरवर चित्रं असतात, बटणं असतात, आणि काही उलटंसुलटं करायला गेलात तर 'नक्की ना?' असं विचारणारं कोणी असतं. काळ्या खिडकीत यांतलं काही नाही. तिथे हुकूम लिहायचा. ती तो पाळते. विचारत नाही, थांबत नाही, मनात काय होतं बघत नाही. घरात असं एकही माणूस नसल्यामुळे पासवर्डरावांचा या खिडकीवर फार जीव.

तिच्यात एक सोय मात्र होती. हुकमाच्या शेवटी एक ठरावीक शब्द जोडला की ती प्रत्यक्ष काही करत नसे, काय करणार एवढंच सांगे. रंगीत तालीमच म्हणा. आपल्या खोलीत येऊन पासवर्डरावांनी सोडून गेलेल्यांची नावं आधी एका डबीत भरली. म्हणजे खरी डबी नव्हे. त्या खिडकीत एखादा शब्द नाव म्हणून घ्यायचा आणि त्याच्या पोटात यादी ठेवायची, ती डबी. मग स्टेशनच्या शाखेवर तालीम केली. बरोबर! शेवटचा शब्द खोडून प्रयोग केला. चोख! पुलापलीकडच्या शाखेवर तालीम, प्रयोग. चोख! तो रस्त्यापलीकडचा दंतवैद्य याच शाखेतला. त्याचं नाव पुसलं गेलेलं पाहून पासवर्डरावांनी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

दोनदा सायकल नीट चालली की तिसऱ्यांदा हात सोडावेसे वाटतात.

'आता एकेक शाखा कशाला? उरलेल्या सगळ्या एकदमच!' असं म्हणून त्यांनी शाखेचं नावच खोडलं. 'आणि तालीम तरी किती करायची?' म्हणून तालमीचा शब्दही खोडला. हुकूम पुन्हा टंकला, आणि टंकताना डबीच्या नावातलं एक अक्षर खाल्लं. त्या नावाची डबी अस्तित्वातच नव्हती. म्हणजे खिडकीच्या दृष्टीने डबी होती, पण रिकामी.

'यांना काढ,' असा हुकूम. कोणाला? नाव दिलेलं नाही. कुठून? तेही दिलेलं नाही. काळ्या खिडकीने तिच्या परीने सरळ अर्थ लावला. सगळ्यांना, सगळीकडून.

एन्टर.

नावं पडद्यावरून सरसर वर जायला लागली. पासवर्डराव कौतुकाने बघत होते. एवढी माणसं सोडून गेली? मग इथल्याच रिसेप्शनिस्टचं नाव गेलं. ती तर आत्ताच जिन्यात भेटली होती! मग मॅनेजरबाईंचं गेलं. पासवर्डरावांनी कीबोर्डवर अक्षरशः झडप घातली, पण तोवर एक शेवटचं नाव वर सरकलं. त्यांचं स्वतःचं. खिडकी मिटली, पडदा निळा झाला आणि त्यावर त्यांच्याच हातचं मराठी आलं, 'आपल्यासाठी येथे कोणतीही जागा शिल्लक नाही.'

शेजारी चहा वाफाळत होता. शब्द त्यांनी पाळला होता, याबद्दल वाद नाही.

पहिला फोन स्टेशनवरून आला, पण पासवर्डरावांना नव्हे. 'व्यवस्थापकांशी संपर्क साधावा' म्हटल्यावर माणसं कोणाकडे जाणार? मॅनेजरबाईंचा फोन खणखणला. मग मोबाईल. मग शिपायाचा मोबाईल. पातळ भिंतीपलीकडून पासवर्डरावांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"कोण म्हणतं तुम्हाला काढलं? ... पडद्यावर लिहिलंय? ... रडू नका हो, रडू नका! ... थांबा, दुसरा फोन येतोय ... नाही हो, कंपनी कोणी विकली नाही! ... विकत घेणाऱ्याचं नाव काय? मला काय माहीत! ... म्हणजे विकलीच नाही म्हणतेय मी!"

अर्ध्या तासात सहाही शाखांत बातमी पक्की झाली होती. कंपनी विकली, सगळ्यांना काढलं, आणि तेही तोंडावर न सांगता पडद्यावर! कोर्टासमोरच्या शाखेत दोन नर्सेस पेशंटच्या गळ्यात पडून रडल्या. बाजारातल्या शाखेत कंपाउंडरने भिंतीवरचं घड्याळ काढून पिशवीत घातलं. ते त्यानेच आणलं होतं म्हणे.

पासवर्डराव दाराला कडी लावून बसले होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. टाकीजवळच्या शाखेच्या डॉक्टरबाई.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी, त्या वेळी, त्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत पासवर्डरावांचे सासरे होते. सासरे म्हणजे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. जन्मभर लोकांच्या कामात चिरा शोधलेला माणूस. भल्याभल्या कारखानदारांना त्यांनी घाम फोडला होता, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की स्वतःच घामाघूम. दोन वर्षं दाढ दुखत होती, दोन वर्षं लवंग धरून काढली. शेवटी जावयानेच छाती पुढे काढून सांगितलं होतं, "बाबा, आमच्याकडे चला. सगळं कॉम्प्युटरवर! अंदाजपंचे काही नाही!" त्या भरवशावर ते बसले होते.

"तुमचे सासरे माझ्या खुर्चीत आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हो हो! कसे आहेत?"

"तोंड उघडं आहे. दाढ उघडी आहे. आणि एक्स-रे गेला."

"गेला म्हणजे?"

"मूळ किती खोल, कुठे वाकलंय, सगळं पडद्यावर होतं. आता पडदा म्हणतोय, आपल्यासाठी येथे जागा शिल्लक नाही. हे मला आहे की त्यांना?"

मागून आवाज आला, "आँऽऽ! आआँऽऽ!"

"काय म्हणतायत ते?"

"मला कळलं नसतं तर बरं झालं असतं."

"डॉक्टर, थोडं अंदाजाने नाही का..."

"अहो, दाढ आहे ती, कलिंगड नव्हे! अंदाजाने काय थापट्या मारू? बधिरपणा उतरायच्या आत एक्स-रे आणा. उतरला तर मी फोन त्यांच्या हातात देईन."

फोन ठेवतात न ठेवतात तोच बायकोचा. ती शाळेत शिकवायची, मधल्या सुट्टीत बाहेर आली होती.

"अरे, बाबांचा मेसेज आलाय."

"तोंड उघडं असताना?"

"हात मोकळे आहेत ना! तू काय केलंस?"

"मी? मी कशाला काय करू? काय लिहिलंय?"

"फक्त 'जावई'. आणि पुढे ओळभर उद्गारचिन्हं."

पासवर्डरावांना आता खरंच दरदरून घाम फुटला. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. सासरे दुसरे कुठून आणणार? आणि परवानग्या परत द्यायच्या म्हटलं, तर देणाऱ्याचीच परवानगी गेलेली. घराला कुलूप घालून किल्ली आतच टाकल्यासारखं. पूर्ण अधिकाराचं आणखी एकच खातं होतं. मोठ्या डॉक्टरांचं. कंपनी माझी आहे तर सगळे अधिकार मलाही हवेत, म्हणून त्यांनी हट्टाने वेगळं करून घेतलं होतं आणि एकदाही वापरलं नव्हतं. ते या कोणत्याच यादीत नसल्यामुळे वाचलं होतं.

पासवर्डराव केबिनकडे धावले. दार अर्धं उघडं होतं आणि आत हिशेबनीस उभे होते. कंपनीतले सगळ्यांत जुने, सगळ्यांत गरीब स्वभावाचे. कधी कोणाला वर मान करून बोलले नाहीत. एका काखेत कुंडी, दुसऱ्या हातात कॅल्क्युलेटर.

"काढलंत ना मला? मग आता ऐका!" हिशेबनीस कडाडले. "इतकी वर्षं तुम्ही जिन्यात शीळ घालता, एकाच गाण्याची, तीही बेसूर! दर वार्षिक सभेत तोच अक्कलदाढेचा विनोद, आणि त्याला पहिला हसायचो मी! गाल दुखायचे माझे! आणि तुमचा तो टोप! तो टोप आहे हे तुम्ही सोडून अख्ख्या कंपनीला माहीत आहे!"

मोठ्या डॉक्टरांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. हिशेबनीस ताठ मानेने बाहेर आले, दारात पासवर्डरावांना पाहून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी कुंडीसकट त्यांना मिठी मारली.

"तुलाही काढलं का रे?"

"हो. म्हणजे, मीच काढलं."

"स्वतःला?"

"सगळ्यांना. चुकून! नोकरीवरून नाही हो, नुसतं डेस्कटॉपवरून!"

हिशेबनीसांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "म्हणजे माझी नोकरी आहे?"

"आहे ना."

"मग आत मी जे बोललो ते?"

"ते मात्र बोललात."

हिशेबनीस कुंडी मांडीवर घेऊन जिन्यातच बसले. त्यांना धीर द्यावा असं पासवर्डरावांना फार वाटलं, पण टाकीजवळ एक तोंड उघडं होतं.

मोठे डॉक्टर टोप दोन्ही हातांनी धरून बसले होते. सगळं ऐकून ते फक्त म्हणाले, "किती वाईट आहे?"

"कोणता? टो... म्हणजे परिस्थिती? फार वाईट आहे. साहेब, तुमच्या खात्याचा पासवर्ड घाला, लगेच सरळ करतो."

तोवर मॅनेजरबाईही आत आल्या होत्या, मोबाईल दोन्ही कानांना लावून. मोठे डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सगळ्यांनी तिकडे तोंडं करा. पासवर्ड गुप्त असतो." दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग डॉक्टरांनी एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, तो टंकला. चुकला. परत म्हणत टंकला. तिसऱ्यांदा भिंतीकडूनच मॅनेजरबाई म्हणाल्या, "शेवटी आकडा राहतोय, साहेब." तेव्हा कुठे उघडलं.

काळी खिडकी! बुडत्याला जमीन दिसावी तशी पासवर्डरावांना ती दिसली. बधिरपणा उतरत चालला असणार. कोणाचा डेस्कटॉप कोणता हे एकेक बघत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी एकच हुकूम लिहिला, 'सगळ्यांना परत घे आणि डेस्कटॉप दे.' कोणता डेस्कटॉप, ते सांगायचं राहिलं. खिडकीने पुन्हा सरळ अर्थ लावला. सगळ्यांत पहिला. आणि पहिला कोणाचा असणार? मालकाचा!

सहाही शाखांतले पडदे उजळले. क्षणभर कंपनीत आनंदीआनंद झाला. मग स्टेशनवरच्या रिसेप्शनिस्टचा फोन आला. मॅनेजरबाईंनी स्पीकर लावला.

"मॅडम, माझ्याकडे पत्त्यांचा डाव आलाय. अर्धा खेळलेला. हा पुढे खेळायचाय का? नवीन मालकांची परीक्षा आहे का ही?"

मोठे डॉक्टर रोज दुपारी केबिन बंद करून 'कंपनीच्या भवितव्याचा विचार' करत. त्या वेळी फोनसुद्धा देऊ नये असा नियम होता. मॅनेजरबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग स्पीकरचा आवाज आणखी वाढवला.

डेस्कटॉप एक आणि माणसं शंभर. जो आत येई तो आधीच्याला बाहेर ढकली, आणि जाता जाता प्रत्येक जण परीक्षेच्या धास्तीने एखादं पान हलवी. कोर्टासमोरच्या नर्सने राणी हलवली, बाजारातल्या कंपाउंडरने सत्ती. पूर्ण अधिकाराच्या खात्यातून डॉक्टर हे सगळं आपल्या पडद्यावर हताशपणे बघत होते.

"अरे, माझा राजा कोणी उचलला?" ते ओरडले. "जमत आलेला डाव होता!"

आणि टाकीजवळून फोन. या वेळी डॉक्टरबाई नव्हत्या. जड जिभेने, एकेक शब्द तोलत, सासरे म्हणाले, "जावईबापू. माझ्या दाढेच्या जागी. चौकटचा गुलाम. का आहे?"

पासवर्डरावांनी डोळे मिटले. आपण शेती करायला हवी होती, असं त्यांना वाटलं. मेंढ्या राखायला हव्या होत्या. मेंढीला कधी परवानगी द्यावी लागत नाही, आणि चुकून काढून घेतली तरी ती फोन करत नाही.

पण मग त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि त्या दिवशी प्रथमच शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. एक माणूस. एक शाखा. एक डेस्कटॉप. आधी डॉक्टरबाई. नाव अक्षर अक्षर वाचून टंकलं. तालीम केली. तालीम पुन्हा वाचली. मॅनेजरबाईंना वाचायला लावली. मग एन्टर.

फोन कानालाच होता. पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज, "आला एक्स-रे. बाबा, मोठा आऽ करा." आणि एक ओळखीचं, संतापलेलं, पण बरंच नरमलेलं "आँऽऽ".

पासवर्डराव खाली फरशीवर बसले. त्यांना रडू आवरेना.

उरलेला सगळा दिवस ते एकेका शाखेला फोन करत राहिले. "तुम्ही कोण? कुठे बसता? सकाळी पडद्यावर काय होतं?" स्टेशनवरची रिसेप्शनिस्ट म्हणाली, तिच्या पडद्यावर मांजराचं चित्र होतं. त्यावरून तिचा डेस्कटॉप ओळखला. कंपाउंडरने घड्याळ परत लावलं, पण ते दहा मिनिटं मागे पडलं ते पडलंच. हिशेबनीसांचा नंबर आला तेव्हा पासवर्डराव स्वतः जिन्यात गेले, त्यांना उठवलं, कुंडी जागेवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "झालं चालू." हिशेबनीस म्हणाले, "नसतं झालं तरी चाललं असतं रे." तेवढ्यात मोठे डॉक्टर जिना उतरत आले. शीळ घालत नव्हते. त्यांनी आणि हिशेबनीसांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, आणि मुख्य म्हणजे हिशेबनीसांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पासवर्डराव घरी पोचले तेव्हा सासरे आरामखुर्चीत, गालाला रुमाल लावून बसले होते. जावयाकडे मान न वळवता ते भिंतीतली एक चीर तपासत राहिले. पासवर्डराव गुपचूप स्वयंपाकघरात गेले.

"फार चिडलेत का गं?"

"चिडतील नाही तर काय! पण काम छान झालं म्हणाले. डॉक्टरबाई हाताच्या हलक्या आहेत. गुरुवारी परत बोलावलंय, वर टोपी बसवायला."

"कोणाला? मोठ्या डॉक्टरांना?"

"दाढेला! दाढेवर टोपी बसवतात ना?"

"हां हां."

"आणि बाबा म्हणाले, गुरुवारी त्याला रजा घ्यायला सांग."

पासवर्डराव एकदम विरघळले. काही म्हणा, माणूस मनाने मोठा! एवढं सगळं होऊनही जावई जवळ हवा वाटतो. "घेतो ना! मी स्वतः त्यांना घेऊन जाईन. हात धरून बसेन हवं तर."

बायकोने त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

"सोबत नाही रे. तू घरीच बसायचंस. ऑफिसात जायचं नाहीस, एवढीच त्यांची अट आहे."

दुसऱ्या दिवशी पासवर्डराव खाली मान घालून मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजरबाई समोरच होत्या. आजवर पासवर्डरावांना रजा कधी एका फटक्यात मिळाली नव्हती. 'तुमच्याशिवाय चालणार कसं?' हे दर वेळी ऐकावं लागे, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायलाच ते अर्ज करत. आजही त्यांनी अर्ज पुढे केला आणि वाट बघत उभे राहिले.

मोठ्या डॉक्टरांनी पुरता वाचलाही नाही. सही केली, अर्ज मॅनेजरबाईंकडे सरकवला. बाईंनीही सही केली आणि चष्म्यावरून बघत, अगदी मायेने विचारलं,

"एकच दिवस?"